क्षारहीन पाणी आणि आपल्या नळवाहिन्या : पाणीपुरवठा विभागास एक खुले पत्र

प्रति,
माननीय प्रधान सचिव,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

(प्रत माहितीसाठी : मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नांदेड व लातूर.)

महोदय,

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत पाण्याविषयी जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुतांशी त्याच्या राशीविषयी असते, आणि ज्या लातूर शहराने १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून आलेल्या आगगाडीची वाट पाहिली, ज्या शहरात त्याआधीच्या मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या जागी दंगा होऊ नये म्हणून जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला, त्या शहरातील माणसाने पाणी किती आले हा प्रश्न आधी विचारावा आणि ते कसे आले हा नंतर, यात अस्वाभाविक असे काहीच नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले की लातूरची छाती दडपते. विष्णुपुरीच्या जलाशयाची पातळी उतरली की नांदेडची झोप उडते. या भीतीची मुळे खोल आहेत आणि मी तिला लहान लेखत नाही. परंतु राशीच्या या चिंतेआड एक दुसरा प्रश्न गेली काही वर्षे वाढत आला आहे, त्याची दखल आपल्या विभागाच्या दप्तरात अद्याप स्वतंत्रपणे घेतली गेलेली नाही, आणि ती घेतली जावी एवढ्यासाठीच हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे.

प्रश्न असा, की यंत्राच्या पडद्यातून क्षार काढून घेतलेले पाणी जेव्हा आपण लोखंडी नळात, पितळी तोटीत, सिमेंटच्या टाकीत सोडतो, तेव्हा ते पाणी त्या नळाचे, तोटीचे आणि टाकीचे काय करते, हे कोण मोजतो?

आपल्याकडे अशा पाण्याचा प्रसार का झाला हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्यामागील कारणे खरी आणि न्याय्य आहेत. हा मुलूख बहुतांशी काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्याच्या भेगांतून मिळणारे पाणी जात्याच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने जड असते. बोअर जसजशी खोल गेली तसतसे ते अधिक काळ खडकाशी राहिलेले, अधिक क्षार घेतलेले पाणी वर येऊ लागले. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवटच्या बाजूस, त्यात फ्लोराइडची भर पडली. दातांवर तपकिरी डाग आणि पुढे हाडांचा ताठपणा आणणारा हा पदार्थ उकळून जात नाही, कापडाने गाळून जात नाही. शेतातील खतांचा आणि वस्तीतील सांडपाण्याचा नायट्रेट त्यात मिसळला. आणि या सर्वांपेक्षा घरातील बाईला रोज जाणवणारी गोष्ट म्हणजे जड पाण्यात डाळ शिजत नाही. तुरीच्या डाळीची बाजारपेठ म्हणून ज्या लातूरचे नाव देशभर आहे त्याच लातुरात बोअरच्या पाण्यावर वरण शिजवताना गॅस अधिक जळतो. तेव्हा गावाच्या चौकात आरओचे यंत्र बसले, नाणे टाकले की वीस लिटरचा जार भरून मिळू लागला, आणि लोकांनी त्याचे स्वागत केले, तर त्यांचा दोष नाही. फ्लोराइडग्रस्त वस्त्यांना नळयोजना पूर्ण होईपर्यंत माणशी दररोज ८ ते १० लिटर पाणी सामुदायिक शुद्धीकरण यंत्रातून द्यावे ही जलजीवन मिशनचीच तजवीज आहे. ज्या मुलाच्या दातांवर आज डाग पडत आहेत त्याला दहा वर्षांनी येणारे धरणाचे पाणी उपयोगाचे नाही. यंत्रे हवीत, मी त्यांच्या विरोधात लिहीत नाही.

मात्र पडदा पाण्यातून काय काढतो आणि काय तसेच ठेवतो याचा विचार केला पाहिजे. फ्लोराइडबरोबर तो कॅल्शियम काढतो, मॅग्नेशियम काढतो, आणि पाण्याला आम्ल पचवण्याची जी शक्ती देते ते बायकार्बोनेटही जवळजवळ सारे काढून घेतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र वायू असल्यामुळे पडद्यातून निर्वेध पार होतो. म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा वायू पलीकडे पोचतो आणि त्याला आवर घालणारे बायकार्बोनेट अलीकडेच राहते; परिणामी ज्या बोअरच्या पाण्याचा सामू ७.४ होता त्याच पाण्याचा सामू पडद्यापलीकडे ६.२ किंवा त्याहूनही खाली उतरतो. असे पाणी दिसायला निर्मळ, चवीला गोडसर आणि टीडीएसच्या मीटरवर ३० किंवा ५० असा लहान आकडा दाखवणारे असते. पण पाण्याला रिकामे राहणे मानवत नाही. उपाशी माणूस समोर येईल ते खातो त्याप्रमाणे हे पाणी ज्या वस्तूच्या सान्निध्यात येईल तिच्यातून आपली उणीव भरून काढते : सिमेंटमधून चुना, जीआय पाइपवरून जस्ताचा मुलामा, मुलामा संपला की त्याखालचे लोखंड, आणि पितळी तोटीतून तांबे, जस्त व घडाईच्या सोयीसाठी त्यात मिसळलेले शिसे.

ही प्रवृत्ती मोजता येते, आणि तिची मोजणी नवी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँजेलिअर यांनी १९३६ साली एक निर्देशांक मांडला, जो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाण्यातील कॅल्शियम, अल्कता, एकूण क्षार आणि तापमान यांवरून, ज्या सामूला ते पाणी चुना धरणारही नाही आणि विरघळवणारही नाही तो समतोलाचा सामू काढायचा, आणि प्रत्यक्षातील सामूमधून तो वजा करायचा. उत्तर धन आले तर पाणी नळात चुन्याचा पापुद्रा बसवू पाहते. ऋण आले तर असलेला पापुद्रासुद्धा खाऊ लागते. उदाहरणादाखल आपल्याकडच्या एखाद्या जड बोअरचे पाणी घ्या : लिटरमागे मिलिग्रॅममध्ये टीडीएस १२००, कॅल्शियमचे काठिण्य २५०, अल्कता ३००; सामू ७.४, तापमान ३० अंश. निर्देशांक सुमारे +०.४ येतो. हेच पाणी पडद्यातून काढल्यावर टीडीएस ५०, कॅल्शियमचे काठिण्य ५, अल्कता १० आणि सामू ६.२ असे झाले, तर निर्देशांक जवळजवळ −३.९ वर जातो. हा फरक किंचित नव्हे. कालपर्यंत ज्या नळाच्या आतील भिंतीवर चुन्याचे अस्तर चढत होते त्याच नळात आज ते अस्तर उतरवणारे पाणी सोडले जाते, आणि सामूचा रकाना वगळला तर दोन्ही पाण्यांच्या अहवालावर ‘पिण्यास योग्य’ हाच शेरा पडू शकतो. कारण पाणी आपल्या वाटेतील धातूचे काय करील हा प्रश्न त्या अहवालाला विचारलेलाच नसतो.

येथे तज्ज्ञ म्हणतील, आणि ते रास्तच आहे, की लँजेलिअरचा निर्देशांक कल सांगतो, वेग सांगत नाही. गंज किती भराभर चढेल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पाण्यातील क्लोराइड आणि सल्फेट यांचे अल्कतेशी असलेले प्रमाणही पाहावे लागते. इलिनॉय राज्याच्या जल सर्वेक्षण संस्थेतील थर्स्टन लार्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे प्रमाण लोखंडी नळांच्या संदर्भात अभ्यासले. आपल्या दृष्टीने त्यातील मर्म असे, की पडदा कॅल्शियमसारख्या द्विभारी कणांना अधिक कडकपणे अडवतो आणि सोडियम व क्लोराइड यांना किंचित ढिलाईने. त्यामुळे पडद्यापलीकडे जे थोडे क्षार उरतात त्यांत साध्या मिठाचाच वाटा मोठा असतो. म्हणजे टीडीएसचा आकडा जितका लहान तितके पाणी नळाला सौम्य, हा जो समज सर्वत्र पसरला आहे तो समूळ चुकीचा आहे. आकडा लहान असूनही उरलेल्या क्षारांची जात लोखंडाला मारक असू शकते, आणि तिला आवर घालणारी अल्कता तर आपण आधीच काढून टाकलेली असते.

आता नळात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. प्रथम रंग बदलतो. सकाळी पहिली तोटी सोडली की तांबूस पाणी येते, दोन बादल्या फेकल्या की ते निवळते, आणि घरातील माणसे हे नळजोडणीच्या वयावर घालून मोकळी होतात. यात सांडणाऱ्या पाण्याची किंमत दुष्काळी जिल्ह्यात काय असते हे मी आपणास सांगण्याची गरज नाही. याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. विरघळलेले लोह पाण्यातील क्लोरिन खाते. एक मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६ मिलिग्रॅम क्लोरिन संपवते. म्हणजे लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम एवढे अल्प लोह नळातून सुटले तरी जवळजवळ ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन खर्ची पडते, आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरिन राहिले पाहिजे ही तर आपली राष्ट्रीय अट आहे. गावातील जलसुरक्षक सकाळी टाकीत टीसीएल ही क्लोरिनची पावडर विरघळवतो, टाकीजवळच्या नळावर अवशिष्ट क्लोरिनची ओटी टेस्ट घेतो, पिवळा रंग येतो, नोंद होते. आणि वस्तीच्या टोकाला, जेथे नळ सर्वांत जुना आणि पाणी सर्वांत उशिरा पोचते, तेथे तो रंग येतच नाही. मग पावसाळ्याच्या तोंडावर त्याच टोकाच्या वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली, की चौकशी टीसीएलच्या प्रमाणाची होते. नळातील गंजाची होत नाही. गंजाचा आणि साथीचा हा संबंध मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नळ बदलण्याचा खर्च ही हिशेबाची बाब आहे, पण क्लोरिनविना पोचलेले पाणी ही आरोग्याची बाब आहे.

नळातून सुटणारे शिसे लोहाप्रमाणे ओळखू येत नाही; त्याला रंग नाही, चव नाही, आणि त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे की रात्रभर नव्या पितळी तोटीत उभे राहिलेले क्षारहीन पाणी ती सहज ओलांडू शकते. जुन्या पीव्हीसी पाइपांतही शिशाचे संयुग स्थिरक म्हणून वापरले जात असे. त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम केले, पण जमिनीत गाडलेले पाइप नियमाने बदलत नाहीत.

आपल्याकडील पुरवठा अखंड नसून कित्येक दिवसांआड होणारा असल्यामुळे या सर्वांत आणखी एक भर पडते. पाणी येऊन गेल्यावर नळ रिकामा होतो, आत हवा शिरते, ओल्या भिंतीवर प्राणवायू मिळून गंजाचा थर फुगतो, आणि पुढच्या पाळीला व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह खोलला की पहिल्या लोंढ्याबरोबर तो थर सुटून येतो. चोवीस तास दाबाखाली असणाऱ्या परदेशी नळांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत या परिस्थितीचा विचार पुरेसा होत नाही. तो आपल्यालाच करावा लागेल.

यावर कोणी म्हणेल की आमच्याकडे आरओचे पाणी नळाने वाटले जातेच कोठे. ते तर जारने नेले जाते. चौकातील यंत्रापुरते हे बरेचसे खरे आहे, आणि प्लास्टिकच्या जारला गंज चढत नाही. पण वसतिगृहांचा विचार करा. लातूर पॅटर्नच्या नावाने राज्याच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी येथे येतात; त्यांच्या निवासाच्या इमारतींत गच्चीवर किंवा तळघरात एक यंत्र, तेथून सर्व मजल्यांना नळ, आणि प्रत्येक मजल्यावर एक पितळी तोटी, ही मांडणी आता सर्वसामान्य झाली आहे. रुग्णालये, शाळा, मंगल कार्यालये, शासकीय कचेऱ्या यांतही तेच. या इमारतींच्या आतील नळकामाचा नमुना क्षारयुक्त पाण्यासाठी ठरलेला असतो. यंत्र नंतर येते आणि जुन्याच जीआय पाइपांना जोडले जाते. प्लंबरला टीडीएस किती हवे ते सांगितले जाते, आणि तो ते आणून दाखवतो. त्यापलीकडे त्याला विचारणारे कोणी नाही, आणि सांगणारेही नाही.

आणि आज जे इमारतीत घडते ते उद्या गावाच्या नळयोजनेत घडणार आहे. फ्लोराइडग्रस्त वस्तीला शुद्ध केलेले पाणी थेट घरच्या नळाने द्यावे ही मागणी उद्या येईल तेव्हा ती रास्तच असेल. शिवाय मराठवाडा वॉटर ग्रिडची कल्पना आपल्यासमोर आहे : अकरा धरणे मोठ्या नळवाहिन्यांनी एकमेकांस जोडून ज्या धरणात पाणी आहे तेथून जेथे नाही तेथे न्यावे, अशी ही योजना, जिच्या आराखड्यासाठी राज्याने २०१८ साली इस्रायलच्या मेकोरोट या सरकारी पाणी कंपनीशी करार केला. हे पाणी क्षारहीन नसेल हे मला ठाऊक आहे. परंतु एका वर्षी मांजरेचे, दुसऱ्या वर्षी जायकवाडीचे, टंचाईत बोअरचे आणि टँकरचे, असे वेगवेगळ्या प्रकृतीचे पाणी एकाच नळातून आलटून पालटून वाहू लागले की त्या नळाच्या आतील थराला कोणत्याच पाण्याशी मेळ घालता येत नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टुसॉन नावाचे शहर आहे, आपल्यासारखेच कोरड्या प्रदेशातील आणि दीर्घकाळ विहिरींच्या पाण्यावर जगलेले. नोव्हेंबर १९९२ मध्ये तेथे कालव्याने आणलेले कोलोरॅडो नदीचे पाणी शुद्धीकरण करून नळांत सोडण्यात आले. पाणी प्रमाणाप्रमाणे शुद्ध होते. पण विहिरीच्या पाण्याने जुन्या लोखंडी नळांत बसवलेला थर त्याने मोडून काढला, हजारो घरांत लाल पाणी येऊ लागले, घरांतले नळ फुटले, आणि १९९४ मध्ये तो पुरवठा थांबवावा लागला. पुढे त्या शहराने नदीचे पाणी आधी जमिनीत मुरवून, भूजलाशी मिसळून, मग उपसून देण्याची पद्धत २००१ पासून सुरू केली आणि लोकांचा विश्वास परत मिळवला. मिशिगनमधील फ्लिंट शहराची कथा अधिक दुःखद आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला गेला, गंजरोधक फॉस्फेट घालण्याची खबरदारी घेतली गेली नाही, आणि लहान मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे वैद्यांना आढळले. या दोन शहरांकडे तज्ज्ञांची वाण नव्हती, प्रयोगशाळांची नव्हती आणि पैशाचीही आपल्याइतकी नव्हती. उणीव एवढीच होती, की स्रोत बदलण्यापूर्वी नळाला काय होईल याची खातरजमा करण्याचे कर्तव्य पार पाडले गेले नाही.

ज्या देशाच्या कंपनीने आपल्या ग्रिडचा आराखडा केला त्या देशाने हे कर्तव्य लिहून ठेवले आहे. ॲश्कलॉन येथे २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा प्रकल्प सुरू झाल्यानंतर इस्रायलमध्ये गोड्या केलेल्या पाण्यासाठी कमाल मर्यादांबरोबर किमान मर्यादाही घालून देण्यात आल्या : अल्कता लिटरमागे ८० मिलिग्रॅमहून अधिक, कॅल्शियम ८० ते १२०, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, सामू ८.५ च्या आत, आणि पाण्यात थोडा चुना निक्षेपित होण्याइतकी क्षमता शिल्लक. आपले भारतीय मानक १०५०० पाहावे. त्यात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह आणि अन्य स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालवून घ्यावे असे आहे. काठिण्य २०० आणि ६०० असे आहे. कॅल्शियम ७५ आणि २०० असे आहे. ही सर्व वरची हद्द आहे. क्षारांसाठी खालची हद्द कोठेही नाही. विहिरीच्या आणि धरणाच्या पाण्यासाठी ती लागतही नव्हती, कारण निसर्गतः त्या पाण्यात क्षार असतातच. पण आता माणूसच ते काढून घेऊ लागला आहे, आणि मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याची योजना हाती घेतली असल्यामुळे हा प्रश्न मराठवाड्यापुरताही राहणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की राष्ट्रीय मानक बदलेपर्यंत न थांबता आपल्या विभागाने आपल्या अधिकारात एक परिपत्रक काढावे आणि शासकीय अथवा ग्रामपंचायतीच्या निधीतून बसणाऱ्या प्रत्येक आरओ यंत्राच्या निविदेत पुढील अट घालावी : यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे टीडीएस किती खाली आणले एवढ्यावर देयक मंजूर होणार नाही, त्या पाण्याची अल्कता आणि कॅल्शियम किमान किती ठेवले आणि लँजेलिअर निर्देशांक शून्याच्या किती जवळ आणला, हे दाखवल्याशिवाय अंतिम रक्कम अदा होणार नाही.

ही अट अवघड किंवा महाग आहे असा ग्रह होऊ नये म्हणून थोडा हिशेब देतो. वर सांगितलेल्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तो पडद्यातून तसाच पार होतो. ते पाणी चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या टाकीतून सावकाश वर चढवले, तर हाच वायू चुनखडी विरघळवतो आणि पाण्यात चाळीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट येते. काठिण्य आणि अल्कता दोन्ही सारख्याच वाढतात. ज्या वायूने नळ खाल्ला असता तोच येथे उपयोगी पडतो. उरलेली भर मूळ पाण्याचा दहावा हिस्सा परत मिसळून पूर्ण होते. मूळ पाण्यात फ्लोराइड ३ मिलिग्रॅम आणि पडद्यापलीकडे ०.२ असेल, तर मिश्रणात ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे १.० या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते, आणि अल्कता ऐंशीवर पोचते. निर्देशांक −३.९ वरून उणे काही दशांशांवर येतो. मिसळण्याचा हिस्सा नायट्रेट पाहून ठरवावा आणि तेवढे पाणी गाळून, क्लोरिन देऊनच मिसळावे, एवढी ताकीद मात्र हवी. दररोज १०,००० लिटर देणाऱ्या गावच्या यंत्राला या रीतीने वर्षाकाठी दोन क्विंटलांच्या आत चुनखडी लागेल. ती आणायला समुद्रापार जावे लागत नाही. नांदेडला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या परिसरात चुनखडीचे साठे आहेत. तिची शुद्धता प्रयोगशाळेत तपासून घ्यावी लागेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय मूळ पाण्याचा काही हिस्सा पडद्याकडे जातच नसल्यामुळे यंत्र जे क्षारयुक्त पाणी गटारात सोडते ते तेवढ्या प्रमाणात कमी होते, आणि लातूरसारख्या ठिकाणी हा लाभ लहान नाही.

दुसरी विनंती मोजणीविषयी आहे. निर्देशांक कागदावर बरोबर आला तरी नळ काय म्हणतो हे पाहिलेच पाहिजे. प्रत्येक तालुक्यातील काही योजना आणि काही इमारती निवडून तीन ठिकाणचे नमुने घ्यावेत : यंत्राच्या मुखाशी, जलकुंभाच्या मुखाशी, आणि सर्वांत दूरच्या तोटीला. दूरच्या तोटीचा नमुना सकाळी, निदान सहा तास पाणी नळात उभे राहिल्यानंतरचा पहिला घ्यावा, आणि पाणी वाहू दिल्यानंतर दुसरा; या दोहोंतील लोह, जस्त, तांबे आणि शिसे यांचा फरक म्हणजे नळाची कैफियत. सामू आणि तापमान जागेवरच मोजावे, कारण बाटलीतून नांदेडच्या किंवा लातूरच्या प्रयोगशाळेपर्यंत जाताना पाण्यातील वायू उडतो आणि सामू खोटा चढतो. त्याच तोटीला अवशिष्ट क्लोरिनची नोंद व्हावी. याखेरीज वजन करून ठेवलेली मऊ पोलादाची लहान पट्टी नळाच्या बाजूवाहिनीत तीन महिने ठेवून, काढून, गंज साफ करून पुन्हा तोलावी. वजनातील घट, पट्टीचे क्षेत्रफळ आणि तास यांवरून वर्षाला किती मिलिमीटर धातू जातो ते निघते. घरगुती जीआय पाइपची भिंत सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची असते. वर्षाला दशांश मिलिमीटर धातू जात असेल तर त्या नळाचे आयुष्य कागदावर पंचवीस वर्षे, आणि गंज एका जागी खोल भोक पाडत जातो हे लक्षात घेता प्रत्यक्षात पुष्कळ कमी. हे काम कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना शिकवता येते, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांना त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

ग्रामपंचायतींना पाण्याच्या व्यवस्थेनुसार लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची पद्धत राज्यात रुजलेली आहे. त्या सर्वेक्षणाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा : दूरच्या तोटीचे लोह आणि अवशिष्ट क्लोरिन. हा रकाना कोऱ्या नोंदीचा राहू नये म्हणून त्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी लागेल. जलसुरक्षकाच्या तुटपुंज्या मानधनावर हे ओझे टाकून चालणार नाही.

प्लास्टिकचे पाइप टाकले की प्रश्न मिटला, असे मला अनेकदा ऐकवण्यात आले आहे. एचडीपीई पाइप गंजत नाही हे खरे; नव्या योजनांत तो जेथे योग्य तेथे वापरावाच. परंतु योजना केवळ पाइपाची नसते. तिच्यात व्हॉल्व्ह असतात, पंप असतात, फेरूल असतात, पाणीमापक असतात, सिमेंटचे जलकुंभ असतात, सिमेंटचे अस्तर दिलेले डीआय पाइप असतात ज्यांतून भुकेले पाणी चुना ओढून नेते, आणि शेवटी घरातील तोटी असते, जी घरमालकाने बाजारातून स्वस्तात स्वस्त आणलेली असते. खर्चाचा आक्षेप तर त्याहूनही दुर्बळ आहे. चुनखडीची टाकी एकदा बसते. नळवाहिनी बदलण्यासाठी रस्ता खणावा लागतो, आणि तो खणण्यासाठी निधी मिळेपर्यंत गाव गळक्या नळांतून आपले पाणी जमिनीत घालवत राहते.

तिसरी विनंती ग्रिडसंबंधी. ज्या धरणांचे पाणी एकाच वाहिनीत यावयाचे आहे त्या प्रत्येकाचे उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे विश्लेषण, प्रत्येकाचा निर्देशांक आणि क्लोराइड-सल्फेटचे अल्कतेशी प्रमाण यांचा एक तक्ता योजनेच्या प्रत्येक टप्प्याच्या मंजुरीपूर्वी प्रसिद्ध व्हावा, आणि एका स्रोतावरून दुसऱ्यावर जाताना पाणी एकदम न बदलता मिसळत मिसळत बदलण्याचा कार्यक्रम त्यासोबत जोडावा. हे काम आज केले तर कागदाचे आहे. वाहिन्या गाडल्यावर ते खोदाईचे होईल.

पुढील उन्हाळ्याची टंचाई सुरू होण्यापूर्वी, म्हणजे येत्या फेब्रुवारीअखेर, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील निदान शासकीय वसतिगृहे आणि ग्रामीण रुग्णालये येथील आरओ यंत्रांच्या दूरच्या तोटीचे पहिले नमुने घेतले जावेत आणि त्यांचे निकाल दोन्ही जिल्हा परिषदांच्या फलकावर मराठीत लावले जावेत, अशी माझी मागणी आहे. या पत्राचे उत्तर आपण मला व्यक्तिशः न देता त्याच फलकावर द्यावे.

आपला विश्वासू,
पाणीपुरवठ्याच्या कामात हयात घालवलेला लातूरचा एक नागरिक